मॉरिशसमधली हप्त्याची जमीन

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईच्या बंदरात पोहोचले. पुढच्या पाऊणशे वर्षांत त्यांच्यामागून साडेचार लाखांवर माणसे मॉरिशसला गेली. बहुतेक बिहारकडची आणि तमिळ-तेलुगू मुलखातली. मुंबईहून निघालेल्या जहाजांत कोकणातली मराठी माणसेही होती.

सुरुवातीचा करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा. एक खाडा पडला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा कमाईवर जगलेल्या लोकांकडे विसाव्या शतकाच्या आरंभी बेटावरच्या उसाच्या जमिनीचा मोठा हिस्सा आला. हे साधले कसे?

एक कारण युरोपातले. तिथे बीटच्या साखरेने जम बसवला आणि उसाच्या साखरेचे भाव उतरले. उसाचे मळेवाले अडचणीत आले. १८८० च्या सुमारास त्यांनी आपल्या मळ्यांच्या कडेची, दगडगोट्यांची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. मॉरिशसच्या इतिहासात या विक्रीला ‘ग्रां मोर्सेलमां’ म्हणतात.

दुसरे कारण घरातले. व्यवहार नोटरीपुढे होई, कागद फ्रेंचमध्ये. थोडी रक्कम आधी, उरलेली हप्त्यांनी. हप्ते थकले तर जमीन हातची जाण्याची भीती. त्यामुळे घरातला कोणीच रिकामा राहत नसे. कर्ता पुरुष मळ्यावर मजुरी करी, बायका गाई पाळून दूध विकत, उसाच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत भाजी निघे. काही जण एकत्र येऊन तुकडा घेत. ज्याच्यापाशी पैसा होता तो ‘सरदार’, म्हणजे टोळीचा मुकादम. तो मोठा तुकडा घेऊन फोडून विकी आणि व्याजाने पैसेही देई. पहिली उचल बहुधा त्याच्याकडूनच.

सावकारी व्याजातून सुटायची वाट १९१३ मध्ये निघाली. त्या वर्षी सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि गावोगावच्या छोट्या बागायतदारांना हंगामासाठी कर्ज मिळण्याची सोय झाली.

मात्र जमीन आपली झाली तरी ऊस गाळणारी गिरणी मळेवाल्यांचीच राहिली. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर उतरते, म्हणून बागायतदाराला जवळच्या गिरणीचा भाव मुकाट मान्य करावा लागे. १९०२ च्या सुमारास ‘सुर्रा’ रोगाने गाडीची जनावरे मेली, तेव्हा ऊस गिरणीपर्यंत नेणेही कठीण झाले.

छोटे बागायतदार ‘उबा’ जातीचा ऊस लावत. तो दणकट, पण साखरेला कमी. १९३७ मध्ये गिरण्यांनी त्याचा भाव १५ टक्क्यांनी कापला आणि बागायतदार रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक मळ्यावर झालेल्या गोळीबारात चौघांचा जीव गेला. सरकारने हूपर चौकशी आयोग नेमला. त्यानंतर बागायतदार आणि गिरणी यांच्यातले वाद सोडवायला स्वतंत्र मंडळ आले.