बससेवा, अमेरिकेतील स्थानिक व प्रादेशिक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहर, परगणा वा प्रदेशाच्या हद्दीत ठरलेल्या मार्गांवर व वेळापत्रकानुसार चालणारी सार्वजनिक प्रवासी वाहतूक. ग्रेहाउंडसारख्या लांब पल्ल्याच्या खाजगी गाड्या आणि शाळांच्या पिवळ्या बस तिच्यात मोडत नाहीत. सेवा कुठे नगरपालिकेची असते, कुठे परगण्याची (सिअ‍ॅटलची किंग काउंटी मेट्रो), तर न्यू जर्सी व ऱ्होड आयलंड येथे राज्यव्यापी महामंडळाची.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा बहुतांशी खाजगी होता. ट्रामचे रूळ उखडून बस आणण्यात ‘नॅशनल सिटी लाइन्स’ ही कंपनी आघाडीवर होती. तिच्यात जनरल मोटर्स, फायरस्टोन व काही तेलकंपन्यांचा पैसा होता. बस, इंधन व टायर यांच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल 1949 मध्ये त्या दोषी ठरल्या. शहर वाहतूकच ताब्यात घेण्याच्या कटाच्या आरोपातून मात्र सुटल्या. ट्राम याच कंपन्यांनी बुडवल्या की मोटारीपुढे त्या आधीच मोडकळीला आल्या होत्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

अ‍ॅलाबामातील माँटगोमेरीची बस नॅशनल सिटी लाइन्सचीच उपकंपनी चालवीत असे. तेथे कृष्णवर्णीय उतारूंना पुढच्या दाराने चढून भाडे भरावे लागे आणि अनेकदा पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने आत जावे लागे. तेवढ्यात चालक गाडी हाकून नेई, असेही घडे. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर 5 डिसेंबर 1955 पासून 381 दिवस चाललेल्या बसवरील बहिष्काराने व न्यायालयीन निकालाने ही पद्धत मोडली.

अर्थव्यवस्था : या सेवेचे सारे गणित येथेच आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या प्रवासी-फेऱ्या 1946 मधील सुमारे 23 अब्जांवरून 1972 पर्यंत साडेसहा अब्जांच्या आसपास आल्या. खाजगी कंपन्यांनी अंग काढून घेतले. 1964 च्या नागरी वाहतूक कायद्याने केंद्रीय अनुदान सुरू झाले आणि त्यातून अनेक शहरांनी डबघाईस आलेल्या कंपन्या विकत घेतल्या. अनुदान प्रथम केवळ भांडवली खर्चासाठी होते. चालकांचे पगार, डिझेल अशा महसुली खर्चाला 1974 मध्ये दार उघडले. 1978 मध्ये ग्रामीण भागासाठी वेगळा निधी निघाला. 1982 च्या कायद्याने इंधनकरात गॅलनमागे 5 सेंटांची वाढ झाली, त्यातला 1 सेंट सार्वजनिक वाहतुकीच्या खात्यात गेला. 1998 मध्ये दोन लाखांहून अधिक वस्तीच्या नागरी क्षेत्रांना महसुली खर्चाचे नियमित अनुदान बंद झाले. लहान गावांना ते राहिले (2012 पासून शंभरापर्यंत बस असलेल्या सेवांना मोठ्या क्षेत्रांतही काही सवलत आहे). केंद्राचा वाटा भांडवली खर्चात 80 टक्क्यांपर्यंत, महसुली खर्चात 50 टक्क्यांपर्यंत असतो. परिणामी नवी बस मिळवणे सोपे आणि ती रस्त्यावर चालती ठेवणे अवघड, असा उफराटा प्रकार दिसतो. मोठ्या बसचे किमान आयुष्य 12 वर्षे किंवा 5 लाख मैल धरतात.

भाडे व प्रवासाची रीत : कंडक्टर नसतो. उतारू चालकाशेजारच्या पेटीत मोजून नेमके पैसे टाकतो किंवा कार्ड टेकवतो. सुटे परत मिळत नाहीत. चालकांवरील दरोड्यांमुळे 1960 च्या दशकाच्या अखेरीस हा नियम पसरला. उतरायचे असल्यास खिडकीलगतची दोरी ओढतात. बसच्या तोंडाशी सायकली टांगण्याची घडीची चौकट सर्रास आढळते. कॅलिफोर्नियातील कॉमर्स येथे 1962 पासून, नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे 2002 पासून भाडे नाही. चॅपेल हिलला विद्यापीठाचा हातभार आहे.

अपंगांसाठी सोयी : 1990 च्या कायद्याने नव्या बसमध्ये चाकांच्या खुर्चीची सोय सक्तीची झाली, नेहमीची बस वापरू न शकणाऱ्यांसाठी मार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात आगाऊ नोंदणीची वेगळी गाडी द्यावी लागते.

द्रुतगती बसमार्ग : बसला राखीव मार्गिका देणाऱ्या या सेवेची यूजीन (2007 पासून) व क्लीव्हलंड (2008 पासून) ही ठळक उदाहरणे.

कोविडकाळात, 2020 मध्ये, काँग्रेसने सार्वजनिक वाहतुकीला 25 अब्ज डॉलर दिले. ते मोठ्या शहरांनाही पगारासाठी वापरता आले. ती मदत तात्पुरती होती. 1998 चा निर्बंध मोठ्या शहरांपुरता उठवलेला नाही.