मध्यरात्रीनंतरचे नायक

ऑक्टोबर २००६ च्या पहिल्याच आठवड्यात जपानी टीव्हीवर दोन ॲनिमे मालिका सुरू झाल्या: मॅडहाउसची 'डेथ नोट' आणि सनराइझची 'कोड गियास'. लाइट यागामी वहीत नाव लिहून माणसं मारतो, तर लेलूश नजरेला नजर भिडवून समोरच्याला हवी ती आज्ञा पाळायला लावतो. दोघेही शाळकरी, कमालीचे हुशार, आणि दोघांचेही हात रक्ताने माखलेले. त्यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद चाहते अजून घालतात. पण मला त्यांच्या बुद्धीहून प्रक्षेपणाची वेळ महत्त्वाची वाटते. दोन्ही मालिका मध्यरात्रीनंतर लागत, आणि असे अँटिहीरो टीव्हीवर टिकले ते त्या वेळेच्या आधाराने.

आधीचा इतिहास पाहा. १९७१ मध्ये 'लुपिन तिसरा' ही चोराची गोष्ट रविवारी संध्याकाळी साडेसातला, घरच्या सगळ्यांनी बसून बघायच्या वेळेला आली. प्रेक्षक मिळेनात, तेव्हा मासाआकी ओसुमींच्या हातून दिग्दर्शन काढून ताकाहाता आणि मियाझाकींकडे देण्यात आलं, आणि लुपिन खेळकर झाला. १९७९ मध्ये सनराइझचीच 'गंडाम' ५२ भागांची ठरली होती. ती ४३ वर आटोपावी लागली, कारण प्रायोजक खेळण्यांची कंपनी होती आणि खेळणी खपत नव्हती. १९९७ मध्ये 'इव्हँजेलियन'चं पुनर्प्रक्षेपण रात्री उशिरा झालं, ते गाजलं आणि वाट मोकळी झाली. या वेळेतल्या मालिकांचा पैसा मुख्यतः डीव्हीडीतून येई, आणि डीव्हीडी घेणारा गिऱ्हाईक प्रौढ होता. नायक मुलांना आवडलाच पाहिजे, हे बंधन त्यामुळे सैल झालं.

यावर कुणी म्हणेल, जपानला असे नायक नवे कुठे होते? मोकुआमीने १८६२ मध्येच पाच चोरांना काबुकीच्या रंगमंचावर मिरवलं होतं. नाकाझातो काइझानच्या १९१३ पासूनच्या कादंबरीतला त्सुकुए र्‍युनोसुके घाटमाथ्यावर एका म्हाताऱ्या यात्रेकरूला विनाकारण कापून टाकतो. शिवाय 'डेथ नोट' मुळात २००३ पासून 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकातच छापून येत होती. हे सगळं खरं आहे. पण ही आवड जुनी असली, तरी टीव्हीने या नायकाला किती माफ करायचं, हे वेळेवर ठरलं. साप्ताहिकातला लाइट शेवटी जिवाची भीक मागत मरतो. मध्यरात्रीच्या मालिकेतला लाइट जखमी होऊन पळतो आणि जिन्यावर शांतपणे प्राण सोडतो. वेफर्सच्या पाकिटात छोटा टीव्ही लपवून, उजव्या हाताने गणितं सोडवत आणि डाव्या हाताने नावं लिहीत तो पहारेकऱ्यांच्या कॅमेऱ्याला फसवतो, तेव्हा मालिका प्रेक्षकालाही त्याच्या कटात ओढते.

वेळ बदलली की काय होतं, तेही पाहा: 'कोड गियास'चं दुसरं पर्व एप्रिल २००८ मध्ये रविवारी संध्याकाळी पाचला आलं. सुरुवातीला लेलूशची स्मृती पुसलेली, म्हणजे नव्या प्रेक्षकाला कथेत शिरायला सोपं. त्याने जगाचा द्वेष स्वतःवर ओढवून घ्यायचा आणि जिवलग मित्राच्या तलवारीने मरायचं, हा शेवट दिग्दर्शक तानिगुचींच्या मनात आधीपासून असेलही, आणि दुसऱ्या पर्वातही मृत्यू भरपूर आहेत. तरी मध्यरात्रीच्या पहिल्या पर्वात त्याच्या तोंडून गमतीत निघालेलं वाक्य त्याच्या सावत्र बहिणीला, युफेमियाला, आज्ञा म्हणून लागू होतं आणि तिच्या हातून कत्तल घडते. त्या पापाचा हिशेब त्या पर्वात चुकता होत नाही. तो चुकता होतो संध्याकाळच्या पर्वाच्या शेवटी, लेलूशच्या स्वतःच्या मरणाने.