घडी विस्कटलेल्या वर्षात घराविषयी लिहिणे

जीवनशैलीविषयक वैयक्तिक संकेतस्थळ म्हणजे स्वयंपाक, घर, कपडे, प्रवास, बागकाम यांविषयी एका व्यक्तीने स्वतःच्या नावावर चालवलेले नियमित लेखन. लेखक, छायाचित्रकार आणि हिशेबनीस बहुधा तीच व्यक्ती असते. या लेखनाखाली एक गृहीतक दडलेले असते: वाचकाचा उद्याचा दिवस आजच्यासारखाच उजाडणार. मे महिन्यात लोक कोकणात जातील, जूनमध्ये पावसाळी चपला घेतील, श्रावणात उपवासाचे पदार्थ शोधतील, या अंदाजावर वर्षभराचे लेखन आखलेले असते. २०२० साली हा अंदाजच निकामी झाला. म्हणून या लेखनप्रकाराची घडण समजून घ्यायला ते वर्ष सर्वांत उपयोगी आहे.

आधी मिळकतीचे पाहू. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि २५ मार्चपासून भारतात टाळेबंदी लागू झाली. लोक घरी अडकले, पाककृती शोधू लागले. स्वयंपाकाच्या पानांवर गर्दी झाली. तरीही पानामागची मिळकत घसरली. कारण जाहिरातीच्या जागेचा भाव लिलावाने ठरतो. वाचक पान उघडतो त्या क्षणी जाहिरातदार बोली लावतात. विमान कंपन्या, हॉटेले, कपड्यांचे व्यापारी लिलावातून उठून गेले. उरलेल्यांना जागा स्वस्तात मिळाली. त्यातच अनेक जाहिरातदारांनी ‘कोरोना’सारखे शब्द असलेल्या पानांवर आपली जाहिरात झळकू नये अशी व्यवस्था केली. म्हणजे वाचकाला ज्या माहितीची सर्वाधिक निकड होती, तीच लिहिणाऱ्याच्या पदरी सर्वांत कमी टाकत होती. ही या व्यवस्थेतली मूलभूत विसंगती आहे, आणि ती महासाथीने निर्माण केलेली नाही. महासाथीने फक्त उघडी पाडली.

दुसरा स्रोत दलालीचा. पानावरच्या दुव्यावरून वाचकाने वस्तू घेतली की लेखकाला टक्केवारी मिळते. अमेझॉनने अमेरिकेत २१ एप्रिलपासून फर्निचर आणि घरसामानावरची टक्केवारी ८ वरून ३ वर, तर किराण्यावरची ५ वरून १ वर आणली. भारतात मे महिना उजाडेपर्यंत ऑनलाइन विक्री जीवनावश्यक वस्तूंपुरतीच मर्यादित होती, त्यामुळे कढया, पडदे, कुंड्या यांवरची दलाली जवळजवळ थांबलीच. वर्षाच्या शेवटी सणासुदीच्या खरेदीबरोबर जाहिरातींचे भाव सावरले, पण तोवर तग धरणे ज्यांना जमले त्यांनाच त्याचा लाभ झाला.

आता आशयाकडे वळू. प्रवासाची पाने एका आठवड्यात निरुपयोगी झाली. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. स्वयंपाकाचे मात्र बारकाईने पाहावे लागते. ब्रिटनमध्ये त्या वसंतात दुकानांतले पीठ संपले, गिरण्यांतले संपले नव्हते. तिथले केवळ ४ टक्क्यांच्या आसपास पीठ दुकानांतून विकले जाते, बाकीचे पोत्यांतून किंवा टँकरने बेकऱ्या आणि कारखान्यांकडे जाते. घरगुती लहान पिशव्या भरणारी यंत्रे अपुरी पडली आणि फळ्या रिकाम्या झाल्या. आपल्याकडे बेकऱ्या बंद पडल्या, पाव मिळेना, आणि यीस्टची पुडी शोधूनही सापडेना. अशा वेळी ‘अर्धा चमचा यीस्ट’ लिहिलेली पाककृती कितीही देखणी असली तरी निरुपयोगी. यीस्ट नसेल तर दही आणि सोडा किती घ्यायचा, ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात काय होते, हे सांगणारी पाककृती कामाची. पर्याय सांगता येण्यासाठी प्रत्येक घटक काय काम करतो हे लिहिणाऱ्याला कळावे लागते. घरगुती लेखनातले ज्ञान आणि सजावट यांतली रेषा मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

त्याहून गंभीर प्रश्न आरोग्याच्या सल्ल्याचा. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि घरी कापडी मास्क शिवण्याच्या कृतींचा पूर आला. ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कसाठी तीन थरांची शिफारस केली: आत ओलावा शोषणारे सुती कापड, मध्ये न विणलेले पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पाणी न शोषणारे कापड. एप्रिलमधली एकेरी कापडाची कृती जूनमध्ये अपुरी ठरली. पानावर तारीख नसेल तर वाचकाला हे कसे कळावे? काढ्याचेही तेच. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला, पण हा कोविडवरचा उपचार असल्याचा दावा नाही असेही त्याच पत्रकात नमूद केले. कृती घरोघर पोहोचली. ते वाक्य वाटेतच गळले. ते गाळणारे बरेचसे लेखन सद्भावनेने केलेले होते, तरी त्याची जबाबदारी कमी होत नाही.

राहिला सूर. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्याच दिवसांत ‘घरबसल्या वेळ कसा घालवाल’ अशी पानेही लिहिली जात होती. घर, शिधा, वीज आणि मोकळा वेळ ज्यांच्याकडे होता त्यांच्यासाठीच ती होती. अशी पाने लिहूच नयेत असे माझे म्हणणे नाही. पण ‘आपण सगळे घरी आहोत’ हे वाक्य तेव्हा खोटे होते. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर भागातली घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तर घराचे छप्पर हीसुद्धा सर्वांसाठी गृहीत धरण्याजोगी गोष्ट उरली नाही. लेखकाने आपण कोणत्या घरातून आणि कोणासाठी लिहितो आहोत हे उघड सांगावे, एवढी किमान अट मी मानतो.

स्वतःच्या मालकीच्या जागेचे महत्त्वही त्याच वर्षी सिद्ध झाले. २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांत अनेक मराठी निर्मात्यांचा प्रेक्षकवर्ग हातून गेला. स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांचे लेखन मात्र जिथल्या तिथे राहिले.

अशी संकेतस्थळे चालवणाऱ्यांना एक विनंती: २०२० मधली पाने पुसून टाकू नका. त्यांवर मूळ तारीख घाला, मास्क आणि काढ्याच्या पानांवर पुढे काय बदलले ते दुरुस्तीच्या तारखेसह लिहा, आणि यीस्टशिवायच्या पावाची कृती जशीच्या तशी राहू द्या.