आगीशी खेळणारी मुलगी आणि तिची फाईल

परवा रात्री ताईबरोबर 'द गर्ल हू प्लेड विथ फायर' पुन्हा बघितला. स्टीग लार्सनच्या दुसऱ्या कादंबरीवरचा, २००९ सालचा स्वीडिश चित्रपट. संपल्यावर ताई म्हणाली, "अगं, स्वीडनमध्ये तर म्हणे सरकार सगळ्यांची काळजी घेतं. मग या पोरीचे एवढे हाल कसे?"

तेव्हा काही धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितेय. (ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या, खाली गुपितं फुटणार आहेत!)

चित्रपट म्हणून हा पहिल्या भागाच्या तोडीचा नाही. दुसरा आणि तिसरा भाग मुळात टीव्हीसाठी केलेले. पहिला तुफान चालला म्हणून ते थिएटरात आले. ते जाणवतं. माणसं फोनवर बोलतात, गाडीत बसतात, पुन्हा फोनवर बोलतात... पण नूमी रापासची लिस्बेथ नुसती बघत राहिली तरी आपण जागचे हलत नाही.

मला अस्वस्थ करते ती तिची फाईल. तीन खून होतात, पिस्तुलावर तिचे ठसे सापडतात. पोलीस फाईल उघडतात : बाराव्या वर्षी बापाला पेटवलं, मनोरुग्णालयात ठेवलं, मोठेपणीही कायद्याने पालक नेमलेला. झालं, हीच खुनी! बाप आईला मरेस्तोवर मारायचा, हे त्या फाईलमध्ये नाही. तो फुटून आलेला सोव्हिएत हेर. त्याला जपायचं म्हणून मुलीला वेडी ठरवलेलं.

गोष्ट काल्पनिक आहे. कागदावर माणसाला नालायक ठरवणं मात्र स्वीडनमध्ये खरंच घडलंय.

१९२८ साली पेर आल्बिन हान्सन यांनी देश म्हणजे सगळ्यांचं घर, अशी कल्पना मांडली. पुढे ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच काळात, १९३४ साली, नसबंदीचा कायदा आला. १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० शस्त्रक्रिया झाल्या, त्यात ९० टक्क्यांहून जास्त बायका. सगळ्याच जबरदस्तीच्या नव्हत्या. पण कित्येकींना संस्थेतून सुटका हवी तर, गर्भपात हवा तर आधी सही करावी लागे. म्हणजे कागदावर संमती! १९९७ मध्ये पत्रकार माचिएय झारेम्बा यांच्या लेखांनी देश हादरला. १९९९ मध्ये भरपाई ठरली, प्रत्येकी १,७५,००० क्रोनर. मोठ्या माणसाला कायद्याने अज्ञान ठरवण्याची पद्धत तर १९८९ पर्यंत चालू होती.

म्हणून ताई, ज्या घराने खरोखरच असंख्य लोकांना सांभाळलं, त्याच घराने 'काळजी' म्हणून हेही केलं. काळजी कोणाची घ्यायची आणि बंदोबस्त कोणाचा करायचा, हे फाईल लिहिणारा ठरवत होता.

आणि एक. २००४ मध्ये लार्सन अचानक गेले, पुस्तकं छापून यायच्या आधीच. एवा गॅब्रिएल्सन तीसहून अधिक वर्षं त्यांच्या सोबतीण होत्या. लार्सन अतिउजव्यांविरुद्ध लिहायचे, धमक्या यायच्या. लग्न केलं तर पत्ता उघड होईल म्हणून केलं नाही, असं एवा सांगतात. वैध मृत्युपत्रही नव्हतं. वारसा वडील आणि भावाकडे गेला.

लिस्बेथला कागदाने वेडी ठरवलं. एवांच्या बाबतीत कागदच नव्हता.