कॉम्प्युटरवर सारखा निळा पडदा येतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत शेवटच्या पानापर्यंत यायचं, सबमिट दाबायचं आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन निळी पडायची. घरी जुना कॉम्प्युटर असलेल्यांना हा अनुभव नवा नाही. तालुक्याच्या दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ पैसे जातात, दिवस मोडतो, मशीन आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि पुन्हा तोच निळा पडदा येतो.

निळा पडदा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी आला तर सोडून द्यावा. आठवड्यात दोन-तीनदा येत असेल तर मात्र त्यामागे ठरलेलं कारण असतं आणि ते फॉरमॅटने जाईलच असं नाही. विंडोजला आतल्या गाभ्यात अशी काही चूक सापडते की तसंच पुढे चालू ठेवलं तर फायली खराब होतील. म्हणून ती सगळं काम जागच्या जागी थांबवते. घरातला एमसीबी पडतो, तसाच हा प्रकार. एमसीबी पुन्हा वर केला म्हणून वायरमधलं शॉर्टसर्किट जात नाही.

मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे आलेल्या अशा बिघाडांचा हिशेब दिलेला आहे. त्यात सुमारे ७० टक्के वेळा दोष दुसऱ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरचा, १० टक्के वेळा हार्डवेअरचा आणि फक्त ५ टक्के वेळा खुद्द विंडोजचा निघाला. उरलेल्या १५ टक्क्यांचं कारण सापडलं नाही. हा हिशेब सगळीकडच्या मशीनचा आहे. पत्र्याच्या घरात, धुळीत आणि कमी-जास्त होणाऱ्या लाईटवर सात-आठ वर्षं चाललेल्या असेंबल्ड पीसीच्या बाबतीत हार्डवेअरकडे जास्त संशयाने पाहिलेलं बरं.

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय, ग्राफिक कार्ड अशा वस्तू विंडोजला चालवता याव्यात म्हणून टाकलेला छोटा प्रोग्रॅम. अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअरही असेच ड्रायव्हर गाभ्यात बसवतात. तिथली चूक किती महागात पडते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढली की मशीन सुरू होत होतं.

आधी मोबाइलने फोटो काढा

निळ्या पडद्यावर खालच्या बाजूला ‘स्टॉप कोड’ असं लिहून पुढे इंग्रजीत दोन-चार शब्द असतात. कधी त्याखाली एखाद्या फाइलचं नावही येतं. हीच खरी खूण. तिचा फोटो काढून ठेवा. बाजूचा क्यूआर कोड स्कॅन करून मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावर जाता येतं, पण तिथे तुमच्याच मशीनचा आजार कळेल अशी अपेक्षा नको. त्यापेक्षा फोटोवर गुगल लेन्स लावून ते इंग्रजी शब्द जसेच्या तसे शोधलेले बरे. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसतो. रंग बदलला, अर्थ तोच.

पडदा फोटो काढायच्या आतच निघून जात असेल तर मशीन आपोआप रिस्टार्ट होणं बंद करता येतं. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, मग ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ समोरचं सेटिंग्ज बटण. तिथे ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ पुढची टिक काढा. मागच्या तारखा पाहायच्या असतील तर स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ उघडलं की कोणत्या दिवशी काय बिघडलं आणि त्याच्या आधी कोणतं सॉफ्टवेअर किंवा अपडेट आलं होतं, ते तारखेनुसार दिसतं.

जोडीला वहीत दोन ओळी लिहीत जा. पडदा आला तेव्हा काय चाललं होतं? सुरू करताच आला की तासाभराने? प्रिंट देताना की दुपारच्या उन्हात? लाईट कमी-जास्त झाली होती का? पाच-सहा नोंदी झाल्या की निम्मं उत्तर तिथेच दिसतं.

कोडवरून काय कळतं

कोड सगळे पाठ करायची गरज नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ दिसलं तर आधी रॅम पाहावी. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’, ‘एनटीएफएस फाइल सिस्टिम’ किंवा ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर हार्ड डिस्क किंवा तिची केबल. ‘व्हिडिओ टीडीआर’ म्हणजे ग्राफिकचा ड्रायव्हर किंवा कार्ड. ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ हा कोड बहुधा हार्डवेअरकडे बोट दाखवतो: प्रोसेसर, उष्णता, वीजपुरवठा. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे येतो, पण खराब रॅमही तोच कोड दाखवू शकते.

दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर गोंधळून जाऊ नका. तीही एक खूण आहे, आणि ती बहुधा रॅमकडे किंवा वीजपुरवठ्याकडे जाते. निळा पडदा न येता मशीन लाईट गेल्यासारखं फटकन बंद पडत असेल तर तो वेगळा आजार. तिथे आधी उष्णता आणि एसएमपीएस तपासावा.

दुरुस्तीआधी कागदपत्रं बाहेर काढा

मशीन अजून सुरू होत असेल तर पहिलं काम कॉपी काढण्याचं. डिस्क खराब होत असेल तर तिच्यावर लांबलचक तपासणी चालवल्याने ती कायमची बसू शकते. फायली उघडायला फार वेळ लागणं, आतून टक-टक आवाज येणं ही डिस्क जात असल्याची लक्षणं.

‘फॉरमॅट मारला तरी डी ड्राइव्हला काही होत नाही’ हे वाक्य ऐकून अनेक जण निश्चिंत राहतात. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही ठिकाणं साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात. मार्कशीटचे स्कॅन, जातीचा दाखला, सातबाऱ्याच्या पीडीएफ, लग्नाचे फोटो लोक तिथेच टाकतात. टॅली वापरणाऱ्यांनी तिचा डेटा कुठे साठतो ते तिच्यातच बघून घ्यावं, तोही बऱ्याचदा सी ड्राइव्हवर सापडतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीमधल्या जुन्या मराठी फायली असतील तर त्यांचे फॉन्टही कॉपी करा. नाहीतर फाइल वाचते पण अक्षरांची खिचडी दिसते. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं की दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघा.

धूळ, लाईट आणि रॅम

लोक ज्याला सीपीयू म्हणतात त्या डब्याला, म्हणजे कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराच्या अर्थिंगमध्ये गडबड आहे. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात जुगाड करून बसवला असेल तरीही हेच होतं. अशा घरात रॅम बदला नाहीतर विंडोज बदला, त्रास पुन्हा उभा राहू शकतो आणि माणसालाही धोका असतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पंप सुरू झाला किंवा शेजारी वेल्डिंग चाललं की पडदा येत असेल तर दोष विजेकडे आहे, असं समजायला हरकत नाही. यूपीएसची बॅटरी संपलेली असेल तर लाईट जाताच मशीन बंद पडतं आणि डिस्कवरच्या फायली अर्धवट राहतात.

साफसफाईसाठी कॅबिनेट उघडताना प्लग पूर्ण काढा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, पंखा वेगाने फिरू देऊ नका. आत पालीची अंडी, मुंग्यांची माती, उंदराने कुरतडलेली वायर सापडणं गावाकडे नवलाचं नाही. मदरबोर्डवरच्या गोल नळकांडीसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, ते काम कारागिराचं. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज राहते.

रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्या सोडून काढा. सोनेरी दातांवरून पेन्सिलचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि ‘टक्’ आवाज होईपर्यंत पट्टी परत बसवा. अनेक जुन्या मशीनचं दुखणं एवढ्यावर थांबतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून दोन-दोन दिवस चालवून पाहा. जिच्यावर पडदा येतो ती खराब. दोन्हींवर येत असेल तर स्लॉट बदलून बघा. विंडोजमध्येच तपासायचं असेल तर स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा. ते मशीन रिस्टार्ट करून चाचणी घेतं. एकदा ‘एरर नाही’ आलं म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, पण ‘एरर आहे’ आलं तर दोष बहुधा रॅममध्ये किंवा तिच्या स्लॉटमध्येच असतो.

नवीन काय टाकलं होतं?

प्रिंटर, वायफायचा डोंगल किंवा बायोमेट्रिक मशीन जोडल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर ते काढून दोन दिवस बघा. अपडेटनंतर झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीज उघडून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करता येतं. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, मग बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, ती रोगापेक्षा वाईट औषधं आहेत. दोन अँटिव्हायरस एका वेळी ठेवणंही तसंच.

विंडोजच्या स्वतःच्या फायली दुरुस्त करण्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. इंग्रजी अक्षरांत एस-एफ-सी, एक स्पेस, स्लॅश आणि त्याला जोडून ‘स्कॅननाऊ’ टाइप करून एंटर मारा. मध्येच बंद करू नका.

मशीन विंडोजपर्यंत पोहोचतच नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४ हा आकडा दाबला की सेफ मोड मिळतो. सेफ मोडमध्ये तासभर नीट चाललं तर संशय ड्रायव्हरवर. तिथेही निळा पडदा आला तर हार्डवेअरवर. लॅपटॉपने मध्येच बिटलॉकरची ४८ आकडी की मागितली तर घाबरू नका. बहुधा ती लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. ती न मिळवता डिस्क पुसली तर आतला डेटा गेलाच.

दुकानात नेताना

फोटो आणि वहीतल्या नोंदी सोबत न्या. ‘काय खराब आहे ते आधी सांगा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ हे स्पष्ट बोला. बदललेला जुना पार्ट परत मागा. विंडोज १० चं नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं, ही खरी गोष्ट. सुरक्षेच्या दृष्टीने पुढचा विचार करायलाच हवा. पण त्यामुळेच निळा पडदा येतो, असं कुणी सांगत असेल तर मानू नका. जुन्या मशीनमधली डिस्कच गेली असेल तर नवी हार्ड डिस्क घेण्यापेक्षा एसएसडी टाका, वेगही वाढतो. मदरबोर्ड गेला असेल तर मात्र जुन्यावर खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

फोन नंबर दिसला तर तो पडदा खोटा

इंटरनेट वापरताना अचानक निळं पान उघडतं, भोंगा वाजतो, ‘व्हायरस आला आहे, या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो आणि आवाजात सूचनाही ऐकू येत नाही. ते ब्राउझरचं पान असतं. एस्केप बटण दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर मशीन सरळ बंद करा. त्या नंबरवरचा माणूस एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावतो आणि बँक खात्यापर्यंत पोहोचतो. फोन केला असेल तर आधी इंटरनेट तोडा आणि दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.