शुद्धाशुद्धाचा वर्ग : एकोणिसाव्या शतकातील शालेय मराठी आणि विद्यार्थी

मराठीच्या प्रमाणीकरणाचा इतिहास सामान्यतः कोशकार, व्याकरणकार आणि ग्रंथकार यांच्या कर्तृत्वाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या इतिहासात एक घटक जवळजवळ कायमच गैरहजर असतो, तो म्हणजे वर्गात बसलेला विद्यार्थी. वस्तुतः ज्याला आज प्रमाण मराठी म्हटले जाते ती भाषा आधी समाजात रूढ झाली आणि मग शाळेत शिकवली जाऊ लागली, असे घडलेले नाही. बऱ्याच अंशी ती शाळेसाठी, शाळेच्या पुस्तकांतून आणि शाळेच्या परीक्षांतून घडली. म्हणूनच, ‘मातृभाषेतून शिक्षण’ या शब्दप्रयोगातील माता नेमकी कोणाची, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या संदर्भात तरी टाळता येत नाही.

पेशवाईच्या अखेरीस गावोगावी ज्या पंतोजींच्या शाळा चालत, त्यांत भाषा हा अध्यापनाचा विषय नव्हता. धूळपाटीवर मुळाक्षरे व बाराखड्या गिरवणे, मोडीचा कित्ता घोटवणे आणि पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीपर्यंतचे पाढे मुखोद्गत करणे हे तेथील शिक्षण होते. मुलगा पहिल्या दिवशी जे अक्षरसूत्र उच्चारी ते ‘ॐ नमः सिद्धम्’ असे संस्कृत होते; पिढ्यान्‌पिढ्यांच्या बालमुखांतून त्याचा ‘ओनामा’ झाला आणि हा ‘अपभ्रंश’ कोणाही पंतोजीला खटकला नाही. या शाळेचा गौरव करण्याचे मुळीच कारण नाही. तिची दारे मोजक्याच जातींच्या मुलांना उघडी होती, आणि छडीचा धाकही तेथे पुरेपूर होता. परंतु ती छडी पाढा विसरल्याबद्दल पडे. घरचा शब्द तोंडी आला म्हणून मुलाला चुकीचा ठरवण्यासाठी जो मापदंड लागतो तो या शाळेपाशी नव्हता, कारण छापील मराठी पुस्तकच तेथे नव्हते.

हा मापदंड १८२२ नंतर अस्तित्वात येऊ लागला. त्या वर्षी मुंबईत ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ स्थापन झाली. १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. एल्फिन्स्टनने १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात देशी भाषांतील शाळा व पुस्तके यांवर जो भर दिला, त्याला या मंडळीच्या उद्योगाने प्रत्यक्ष रूप दिले. पुढील काही वर्षांत घडलेल्या गोष्टींचा वेग विलक्षण आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ १८२८ मध्ये निघाले. पंडितांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून छापून येऊ लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. जेमतेम आठ-नऊ वर्षांत वाचन, शब्द आणि नियम अशी तिन्ही साधने हाती आली. यांतील ‘बाळमित्र’ हे मूळच्या फ्रेंच बालपुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर होते ही बाब लक्षणीय आहे. मराठी मुलाला आपली म्हणून जी भाषा प्रथम छापील स्वरूपात भेटली, तिचा वाक्यबंध दोन परक्या भाषांतून गाळून आलेला होता.

कोश आणि क्रमिक पुस्तक यांच्या वृत्तींतील फरक मात्र ध्यानात घ्यावयास हवा. मोल्सवर्थच्या कोशात प्रांतिक आणि ग्राम्य शब्दांना जागा आहे. त्यांच्यापुढे खूण आहे, क्वचित नापसंतीही आहे, पण शब्द आहेत. क्रमिक पुस्तकाला असा खुणेचा मार्ग मोकळा नव्हता. त्याने जे घेतले ते शुद्ध ठरले आणि जे घेतले नाही ते शाळेपुरते नाहीसे झाले. पुण्याच्या शास्त्रीमंडळींचे वळण कोशातून व्याकरणात, व्याकरणातून वाचनपुस्तकात आणि तेथून शिक्षकाच्या तांबड्या शाईत उतरले. या प्रक्रियेवर मेजर थॉमस कँडी यांची देखरेख दीर्घकाळ होती. मोल्सवर्थचे सहकारी, पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख आणि पुढे सरकारी भाषांतरकार या नात्यांनी शालोपयोगी मराठी त्यांच्या हाताखालून गेली. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) हे त्यांचे छोटेसे पुस्तक या दृष्टीने बोलके आहे. मराठी वाक्यात श्वास कोठे घ्यावा हेही आता छापील चिन्ह सांगू लागले.

याच सुमारास शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा पक्ष घेतला. जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लढवली. या वादाचा मराठी अभ्यासकांनी पुष्कळ परामर्श घेतला आहे. त्यातून सुटलेली बाब एवढीच की, देशी भाषेचा पक्ष घेणाऱ्यांच्या दृष्टीने ती भाषा एकसंध होती. इंग्रजी विरुद्ध मराठी या द्वंद्वात मराठीच्या पोटातील भेद झाकले गेले. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा किंवा वऱ्हाडी वळणाने ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारा मुलगा बेपर्वाईने बोलत नसतो. ण-चा न आणि ळ-चा य होणे हे त्याच्या बोलीत नियमाने घडते. भाषाशास्त्राला जेथे नियम दिसतो तेथे शाळेला चूक दिसली, आणि ही चूक कानाला जातीसकट ऐकू येत असे. मुलाने तोंड उघडताच त्याचे घर ओळखले जावे अशी सोय शुद्धतेच्या कल्पनेने करून ठेवली होती.

तथापि, या शालेय गद्याकडे केवळ वर्चस्वाचे साधन म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. निबंध हा प्रकार शाळेने दिलेला, युक्तिवादाची शिस्तही शाळेतून आलेली. पण वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा सवाल कोणत्याही वाचनपुस्तकात नव्हता. नीतिपाठ घोटून घेण्यासाठी जी भाषा तयार करण्यात आली, तीच येथे जाब विचारण्यासाठी वापरली गेली. मराठी निबंधाच्या इतिहासात या लेखनाला स्थान मिळण्यास जो दीर्घ विलंब लागला, तो समीक्षेने आपल्या खाती मांडून घ्यावा असा आहे.

त्या इतिहासाचा रूढ आरंभबिंदू म्हणजे १८७४ साली सुरू झालेली ‘निबंधमाला’. ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ या निबंधात आणि अन्यत्रही विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी साहेबी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले, आणि त्यांची तक्रार निराधार नव्हती. भाषांतराचा वास त्या गद्याला येतच होता. मात्र त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाची त्यांनी व्याकरणावरून टर उडवली. कँडींचे मराठी परके म्हणून त्याज्य, फुल्यांचे अशुद्ध म्हणून. शुद्धतेची मालकी कोणाकडे, एवढाच या भांडणाचा प्रश्न राहिला; ती शुद्धता ज्याच्यावर चालवली जाणार होती तो विद्यार्थी येथेही बाहेरच उभा होता.

त्याला आत आणण्याचा प्रयत्न फुल्यांच्या हंटर आयोगापुढील १८८२ च्या निवेदनात दिसतो. हे निवेदन इंग्रजीत आहे, कारण सरकारशी बोलण्याची भाषा तीच होती. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीची मूलतत्त्वे यांचा त्यांनी अभ्यासक्रमात आग्रह धरला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, मुलांच्यात मोकळेपणी मिसळणारे आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ धरणारे असावेत, ही त्यांची मागणी शिक्षकाच्या जातीविषयीची म्हणून नेहमी उद्धृत होते. ती भाषेविषयीचीही आहे, हे सहसा सांगितले जात नाही. ज्याच्याशी मिसळावयाचे त्याच्याच बोलीत मिसळता येते; दप्तरातील मोडी वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला सावकाराचा कागदही वाचता येत नसे.

या मागणीचे पुढे काय झाले याचा माग शिक्षणखात्याच्या अहवालांपेक्षा साहित्यात अधिक लागतो. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांत शाळा हे मध्यवर्ती स्थळ आहे. त्यांतील बोलीची समीक्षकांनी प्रशंसा केली ती बहुधा ‘अस्सलपणा’ आणि ‘वास्तवाचा दर्प’ अशा शब्दांत, जणू बोली ही निवेदनावर चढवलेली मातीची पुटे आहेत. वास्तविक या लेखकांना लेखणी शाळेने दिली होती आणि घरची भाषा शाळेने नाकारली होती. निवेदन कोणत्या भाषेत करावे हा त्यांच्यापुढील प्रश्न शैलीचा होण्याआधी चरित्राचा होता. ‘उपरा’मध्ये तर बोली आणि प्रमाण एवढाच भेद नाही. कैकाडी ही मराठीची बोलीच नव्हे. तिचे नाते द्राविडी भाषांशी, विशेषतः तमिळशी आहे. तेव्हा ज्याला शिक्षणखाते मातृभाषेतील शिक्षण म्हणत होते, ते या मुलाच्या बाबतीत दुसऱ्या भाषेतील होते. घरातले कैकाडी संवाद या पुस्तकात येतात तेव्हा उत्तम मार्कांनी मराठी शिकलेला वाचक त्या ओळींपाशी थबकतो, खाली मराठी अर्थ दिला आहे का ते शोधतो आणि नसेल तेथे संदर्भावरून अंदाज बांधत पुढे जातो.