हायरॅसिअम प्रजातीतील नव्या जातींची निश्चिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सूर्यफुलाच्या कुलातील हायरॅसिअम ही पिवळ्या फुलांची रानवनस्पती इंग्रजीत हॉकवीड या नावाने ओळखली जाते. ग्रीक भाषेतील 'हिएराक्स' म्हणजे ससाणा, या शब्दावरून हे नाव आले. या वनस्पतीच्या रसाने ससाणे आपली दृष्टी तीक्ष्ण करतात, अशी समजूत रोमन लेखक प्लिनी यांनी नोंदविली आहे. लिनियस यांच्या १७५३ च्या 'स्पीशीज प्लँटॅरम' या ग्रंथात या प्रजातीतील मोजक्याच जाती आढळतात. आज केवळ ब्रिटन व आयर्लंडमध्ये चारशेहून अधिक जाती मानल्या जातात. ही वाढ का झाली आणि तिचे महत्त्व काय, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निरीक्षणाकडून प्रयोगाकडे :
एकोणिसाव्या शतकात स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी या प्रजातीवर १८४८ व १८६२ मध्ये ग्रंथ लिहिले. पानांचा आकार, दातेरी कडा आणि पुष्पछदांवरील केस असे सूक्ष्म भेद पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, हे अभ्यासकांच्या लक्षात येत होते. त्याचे कारण मात्र उमगत नव्हते. म्यूनिकचे कार्ल नेगेली यांच्याशी पत्रव्यवहार करीत ग्रेगोर मेंडेल यांनी या वनस्पतीचे संकर घडविले आणि १८६९ मध्ये ब्रुन येथे आपले निष्कर्ष मांडले. वाटाण्याच्या संकरांप्रमाणे येथे पुढील पिढीत गुणांचे विभाजन झाले नाही; संतती संकरासारखीच निपजली.

या कोड्याचा उलगडा डेन्मार्कमध्ये झाला. राउंकीअर व ऑस्टेनफेल्ड यांनी १९०३ मध्ये न उमललेल्या कळ्यांचा वरचा भाग परागकोश व कुक्षींसह कापून टाकला. तरीही बी धरले. परागणाशिवाय बी तयार होण्याच्या या क्रियेस असंगजनन म्हणतात. अशा बीजातून मातेची हुबेहूब प्रतिकृती उगवते आणि त्यामुळे लहानसा भेदही कायम राहतो.

वर्गीकरणातील मतभेद :
अशा प्रत्येक स्थिर वंशाला स्वतंत्र जात मानावे काय, यावर एकमत झाले नाही. जर्मन अभ्यासक झान यांनी १९२१ ते १९२३ दरम्यानच्या बृहद्‌ग्रंथात मोठ्या जाती मानून त्यांखाली असंख्य उपजाती नोंदविल्या. ब्रिटनमध्ये मात्र सूक्ष्म जातींची परंपरा रुजली. पग्सली यांचा ग्रंथ १९४८ मध्ये, तर सेल व मरेल यांच्या वनस्पतिकोशाचा संबंधित खंड २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या जातीसाठी वाळविलेला प्ररूप नमुना संग्रहालयात जतन करणे आणि तिचे वर्णन प्रसिद्ध करणे आवश्यक असते. हे वर्णन लॅटिनमध्येच असावे हा नियम २०१२ पासून शिथिल होऊन इंग्रजीलाही मान्यता मिळाली. वेल्समधील तेव्हा ब्रेकन बीकन्स म्हटल्या जाणाऱ्या डोंगररांगेतील एका नव्या जातीला २०१४ मध्ये डेव्हिड अॅटनबरो यांचे नाव देण्यात आले.

नावाचे मोल :
हा वाद केवळ शब्दांचा नाही. अनेक जाती एखाद्या कड्यापुरत्याच मर्यादित आहेत. वेल्समधील हायरॅसिअम स्नोडोनिएन्स ही जात १९५३ नंतर दिसली नव्हती. ती नामशेष झाली असे मानले जात होते. २००२ मध्ये क्वम इडवल येथे ती पुन्हा आढळली. मेंढ्यांची चराई कमी झाल्याने तिला जीवदान मिळाले, असे मानले जाते. तिला स्वतंत्र नाव नसते, तर ती नाहीशी झाल्याची नोंद झाली नसती आणि परतल्याचीही नाही.

निष्कर्ष :
हायरॅसिअमच्या इतिहासात डोळ्यांनी टिपलेला भेद आधी आला व त्याचे स्पष्टीकरण नंतर. जातीची व्याख्या वादग्रस्त राहिली, तरी काळजीपूर्वक केलेले वर्णन हीच संरक्षणाची पहिली पायरी ठरते. ज्या वनस्पतीला नाव नाही, तिच्या ऱ्हासाची दखल घेणे कोणालाही शक्य होत नाही.